मोबाइल आणि लँडलाइन: एकाच कंपनीची दोन जाळी आतून कशी चालतात

प्रश्न असा आहे: एकच टेलिकॉम कंपनी मोबाइल देते, आणि घरातला फोन आणि इंटरनेटही तीच देते. मग तिच्याकडे दोन स्वतंत्र जाळी असतात का? ती रोज चालवायची म्हणजे नेमकं काय करायचं? आणि दोन्ही सेवा एकाच वेळी बंद पडतात त्या कशा?

मी आधी तांब्याच्या केबलवर काम केलं, पुढे ट्रान्समिशनमध्ये, आणि नंतर बरीच वर्षं नेटवर्क ऑपरेशन सेंटरमध्ये. त्यावरून थेट उत्तर देतो. ग्राहकापाशी पोहोचणारा शेवटचा टप्पा तेवढा वेगळा असतो, त्यामागचं जवळजवळ सगळं सामायिक असतं. मोबाइलचा कॉल हवेतून जातो तो फक्त टॉवरपर्यंत, म्हणजे दाट वस्तीत काहीशे मीटर आणि मोकळ्या भागात काही किलोमीटर. टॉवरच्या पायथ्याशी तो फायबरमध्ये शिरला की शेजारच्या घरातून आलेल्या लँडलाइनच्या कॉलबरोबरच पुढे जातो. राउटर तेच, फायबर तीच, एक्स्चेंजमधली वीज तीच, आणि आजकाल आवाज हाताळणारी यंत्रणाही बहुतेक ठिकाणी तीच. वाटून घेतल्याशिवाय हा धंदा परवडत नाही, आणि मोठे बिघाडही या वाटून घेण्यातूनच येतात. म्हणून शेवटचे टप्पे थोडक्यात सांगतो आणि सामायिक भागावर जास्त बोलतो.

जुन्या लँडलाइनमध्ये एक्स्चेंजपासून प्रत्येक घरापर्यंत तांब्याच्या तारांची स्वतंत्र जोडी जाते. एक्स्चेंजमधली बॅटरी त्या जोडीवर उणे ४८ व्होल्ट ठेवते. उणे यासाठी की धन टोक जमिनीला जोडलेलं असलं की ओल शिरलेल्या केबलमध्ये तांबं कमी झिजतं. रिसीव्हर उचलला की सर्किट पूर्ण होतं, प्रवाह वाहतो, एक्स्चेंजला कळतं की कुणाला तरी बोलायचंय, आणि डायल टोन येतो. घंटी वाजवायला त्याच तारांवर साधारण ७५ ते ९० व्होल्टचा एसी प्रवाह सोडतात. आवाजाचा फक्त ३०० ते ३४०० हर्ट्झचा पट्टा घेतला जातो. डिजिटल एक्स्चेंज सेकंदाला ८,००० वेळा त्याचं मोजमाप करतं आणि प्रत्येक मोजमापाला ८ बिट देतं, म्हणून एका कॉलला ६४ किलोबिट लागतात. असे ३० कॉल आणि नियंत्रणाच्या दोन जागा मिळून २.०४८ मेगाबिटचा एक ‘ई-१’ होतो. आमच्या धंद्यात कित्येक वर्षं क्षमता मोजायची ती ई-१ मध्येच.

तांब्याच्या जाळ्याची निगा म्हणजे मुख्यतः पाण्याशी झगडा. जॉइंटमध्ये पाणी गेलं की इन्सुलेशनचा रोध उतरतो, लाइनवर खरखर येते, मग एकाचं बोलणं दुसऱ्याला ऐकू येऊ लागतं आणि शेवटी लाइन डेड होते. कागदी इन्सुलेशनच्या जुन्या केबलमध्ये एक्स्चेंजमधून सतत कोरडी हवा दाबाने भरत ठेवत असत. केबलला भोक पडलं तरी हवा बाहेर येत राहते, पाणी आत येत नाही, आणि दाब कुठे उतरला ते पाहून भोक कुठे आहे याचाही अंदाज येतो. केबलच्या आत हवा भरून तिची राखण करणारी ती पिढी फार कसबी होती. तांब्यावरच्या ब्रॉडबँडची अडचण मात्र कसबाने सुटणारी नव्हती. अंतर वाढलं की उच्च वारंवारतेचा सिग्नल झपाट्याने विरतो, त्यामुळे एक्स्चेंजजवळच्या घराला मिळणारा वेग चार किलोमीटरवरच्या घराला देता येत नाही.

फायबरने ही अडचण संपवली, पण घराला स्वतंत्र तार असण्याची चैनही संपवली. घराघरांत सर्वाधिक दिसणाऱ्या जीपॉन पद्धतीत एक्स्चेंजमधल्या ओएलटी नावाच्या यंत्राच्या एका पोर्टमधून एक फायबर निघते, वाटेत काचेच्या स्प्लिटरमध्ये तिचा प्रकाश ३२ किंवा ६४ घरांत विभागला जातो. जाताना २.४८८ गिगाबिट, येताना १.२४४ गिगाबिट, आणि हे त्या सगळ्या घरांत मिळून. जाणारा डेटा प्रत्येक घरापर्यंत पोहोचतो, फक्त तो कूटबद्ध असतो आणि ज्याचा त्यालाच उघडतो. येताना मात्र प्रत्येक घरच्या ओएनटीला, म्हणजे फायबर जिथे संपते त्या घरातल्या यंत्राला, बोलायची वेळ ठरवून दिलेली असते. ओएलटी प्रत्येकाचं अंतर मोजून ठेवतं आणि त्यानुसार वेळ पुढेमागे करतं, म्हणजे सगळ्यांचा प्रकाश एकमेकांवर न आदळता पोहोचतो.

यातला सर्वांत त्रासदायक बिघाड म्हणजे एखाद्या ओएनटीचा लेझर सतत पेटलेला राहणं. ते एक यंत्र त्या पोर्टवरच्या सगळ्या घरांचं बोलणं बुडवतं, आणि तक्रारी येतात त्या इतर घरांतून. दोषी घर शोधायला एकेकाला बंद करून पाहावं लागतं. रोजच्या तक्रारींचं मूळ मात्र साधं असतं: मळलेला कनेक्टर किंवा कोपऱ्यात करकचून वाकवलेली फायबर. प्रकाशाची घट डेसिबलमध्ये मोजतात. १ ते ३२ च्या स्प्लिटरमध्येच साधारण १७ डेसिबल प्रकाश जातो, आणि एकंदर खर्च करायला मिळतात सुमारे २८ डेसिबल. उरलेल्या ११ मध्ये काही किलोमीटरचं अंतर, सगळे जॉइंट आणि सगळे कनेक्टर बसवायचे. तिथे एक मळका कनेक्टर दोन-तीन डेसिबल खाऊन गेला की लाइन कधी चालू, कधी बंद अशी होते.

ओएनटीची एक सोय मला फार आवडते. वीज गेली की विझण्याआधी, आत उरलेल्या थोड्याशा विजेवर, ते एक शेवटचा संदेश पाठवतं की माझी वीज गेली. एकाच भागातल्या चाळीस ओएनटींकडून हा संदेश आला तर तिथली वीज गेली आहे. चाळीस ओएनटी काहीच न बोलता गायब झाल्या तर फायबर तुटली आहे, आणि माणूस लगेच पाठवायला हवा.

आता रेडिओ. मोबाइलच्या जाळ्यातली मूळ कल्पना १९४७ मध्ये बेल लॅब्जमध्ये मांडली गेली: मोठा प्रदेश छोट्या सेलमध्ये वाटायचा आणि त्याच वारंवारता थोड्या अंतरावर पुन्हा वापरायच्या. प्रत्यक्षात यायला तिला तीस वर्षं लागली. पहिलं व्यावसायिक सेल्युलर जाळं १९७९ मध्ये टोकियोत सुरू झालं. आजच्या जाळ्यात बहुधा सगळे शेजारी सेल एकच वारंवारता वापरतात, त्यामुळे शेजारचा टॉवर हाच तुमच्या सिग्नलचा सगळ्यात मोठा शत्रू असतो.

‘पूर्ण दांड्या दिसतात, तरी नेट चालत नाही’ ही सगळ्यांत जास्त विचारली जाणारी गोष्ट इथूनच समजते. दांड्या फक्त एवढंच सांगतात की टॉवरचा आवाज तुमच्या फोनला किती जोरात ऐकू येतो. त्या आवाजात शेजारच्या सेलचा गोंगाट किती मिसळला आहे, सेलवर आत्ता किती जण आहेत, आणि तुमच्या फोनचा आवाज टॉवरला ऐकू येतो का, यातलं काहीही त्या सांगत नाहीत. टॉवर एका सेलसाठी ४० वॅट किंवा त्याहून जास्त शक्ती वापरतो. फोनची कमाल शक्ती साधारण ०.२ वॅट असते. इमारतीच्या आतल्या खोलीत फोनला टॉवर ऐकू येतो, पण फोनचं उत्तर टॉवरपर्यंत पोहोचत नाही. मग पलीकडचा बोललेला ऐकू येतो आणि तुमचं बोलणं तुटत राहतं.

वारंवारतेचा प्रश्न असा आहे. ७०० मेगाहर्ट्झचा सिग्नल लांब जातो, भिंती ओलांडतो, पण त्या पट्ट्यात कंपनीच्या वाट्याला फार तर १० मेगाहर्ट्झ किंवा त्याच्या आसपास रुंदी येते. ३५०० मेगाहर्ट्झला भिंत अडवते, पण तिथे १०० मेगाहर्ट्झची सलग रुंदी मिळू शकते. म्हणून दोन्ही लागतात. पोहोच खालच्या पट्ट्यातून, क्षमता वरच्या पट्ट्यातून, आणि फोनला दोन्हींमध्ये योग्य वेळी हलवणं हे रेडिओ नियोजन करणाऱ्यांचं रोजचं काम. अँटेना किती अंश खाली झुकवायची हा त्यांच्या हातातला सगळ्यात परिणामकारक उपाय. अँटेनाचं तोंड जास्त वर ठेवलं की तिचा सिग्नल दुसऱ्याच सेलच्या हद्दीत जाऊन पडतो. तिथला फोन या लांबच्या सेलला चिकटतो, आणि पुढे हलला की जवळच्या सेलला हा पाहुणा कुठून आला ते माहीतच नसतं. कॉल तुटतो. नवा टॉवर मागणाऱ्या कितीतरी तक्रारी मी दोन अंशांच्या झुकावाने मिटलेल्या पाहिल्या आहेत.

फोन नुसता खिशात असतो तेव्हा तो कोणत्या सेलमध्ये आहे हे जाळ्याला नेमकं ठाऊक नसतं. अनेक सेलचा मिळून एक विभाग असतो, तेवढाच ठाऊक असतो. कॉल आला की त्या विभागातल्या सगळ्या सेलमधून हाक दिली जाते आणि फोन उत्तर देतो. विभाग मोठा ठेवला तर हाका फार होतात, लहान ठेवला तर फोन सतत ‘मी आता इथे आलो’ असं कळवत बसतो आणि त्याची बॅटरी खातो. रेल्वेमार्गावर विभागाची सीमा चुकीच्या जागी पडली की गाडी ती सीमा ओलांडताना शेकडो फोन एकाच क्षणी नोंदणी मागतात. अशा सीमा हाताने सरकवाव्या लागतात.

इथून पुढे सामायिक भाग.

टॉवर आणि एक्स्चेंज यांना जोडणाऱ्या ट्रान्समिशनबद्दल सामान्य माणूस क्वचित ऐकतो, पण जाळ्याची तब्येत तिथेच ठरते. फायबर शक्यतो रिंगमध्ये टाकतात, म्हणजे एका बाजूने तुटली तरी दुसऱ्या बाजूने रहदारी फिरते. जुन्या एसडीएच यंत्रणेत हा पालट ५० मिलिसेकंदांत व्हावा असं मानक होतं, बोलणाऱ्याला कळतही नसे. फायबर नाही तिथे मायक्रोवेव्ह असते, आणि १० गिगाहर्ट्झच्या वरच्या मायक्रोवेव्हला जोरदार पाऊस झाकून टाकतो. लांब पल्ल्यावर एकाच फायबरमधून वेगवेगळ्या रंगांच्या प्रकाशावर डझनावारी वाहिन्या जातात आणि साधारण ८० किलोमीटरवर प्रकाश वाढवणारं यंत्र बसवतात.

कागदावरची रिंग आणि जमिनीतली रिंग या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. रिंगच्या दोन्ही बाजू नकाशावर वेगवेगळ्या दिसतात आणि प्रत्यक्षात एकाच पुलाखालच्या एकाच पाइपातून जातात. पूल रुंद करायला आलेलं यंत्र मग दोन्ही एकदम तोडतं. भाड्याने घेतलेल्या फायबरचं तर विचारूच नका. दोन वेगळ्या मालकांकडून दोन मार्ग घेतले, आणि त्या दोघांनी तिसऱ्या एकाच मालकाच्या पाइपात जागा घेतलेली असली, असं सर्रास घडतं. यावर एकच उपाय मला विश्वासाचा वाटतो: मार्ग चालत जाऊन पाहणं, मॅनहोल उघडून पाहणं.

विजेची गोष्टही तशीच. टॉवर असो वा एक्स्चेंज, सगळी यंत्रं ४८ व्होल्टच्या डीसीवर चालतात. रेक्टिफायर, म्हणजे एसीचा डीसी करणारं यंत्र, ग्रिडच्या विजेतून बॅटरी भरत राहतो आणि यंत्रं त्या बॅटरीच्या जोडणीवरच बसलेली असतात. त्यामुळे वीज गेल्यावर पालट करायचा प्रश्नच येत नाही, प्रवाह अखंड राहतो. एक्स्चेंजला जनरेटर असतो, महत्त्वाच्या टॉवरलाही असतो, बाकी टॉवर बॅटरीवर काही तास तग धरतात. बॅटरीचा व्होल्टेज चांगला दिसला म्हणजे बॅटरी चांगली, असं समजणाऱ्या व्यवस्थापकाला खरी परिस्थिती वीज गेल्यावर कळते. आतले कप्पे मेलेल्या बॅटरीचाही व्होल्टेज चार्ज होताना ठीक दिसतो. तिच्यावर खरा भार टाकून, ती किती वेळ टिकते ते घड्याळ लावून पाहावं लागतं. ही चाचणी कंटाळवाणी आहे, तिला माणसं लागतात, आणि खर्चात काटछाट करताना सगळ्यात आधी तीच बंद होते. मला याची फार चीड येते.

तिसरी सामायिक गोष्ट वेळ. ५जीचा ३५०० मेगाहर्ट्झचा पट्टा पाठवणं आणि घेणं एकाच वारंवारतेवर आळीपाळीने करतो. शेजारच्या सगळ्या सेलची आळी एकाच क्षणी बदलली पाहिजे, सामायिक वेळेपासून फरक १.५ मायक्रोसेकंदांच्या आत. ही वेळ जीपीएसवरून किंवा ट्रान्समिशनच्या जाळ्यातून येते. एका टॉवरचा जीपीएस अँटेना निकामी झाला की त्याचं आतलं घड्याळ काही तास वेळ सांभाळतं, मग घसरू लागतं. त्यानंतर तो सेल स्वतः ठणठणीत दिसतो आणि आजूबाजूच्या सेलचं ऐकणं बिघडवतो. अशा वेळी दोषी सेल बंद करणंच शहाणपणाचं असतं.

आणि शेवटी कोअर, म्हणजे जाळ्याचा मेंदू. सिममध्ये एक गुप्त किल्ली असते, तिचीच प्रत कंपनीच्या ग्राहक-माहितीसाठ्यात असते. फोन चालू झाला की जाळं एक यादृच्छिक आकडा पाठवतं, सिम किल्ली वापरून उत्तर काढतं, आणि उत्तर जुळलं की प्रवेश मिळतो. किल्ली स्वतः कधीच हवेतून जात नाही. आवाजासाठी आयएमएस नावाची यंत्रणा असते. ४जीवरचा कॉल तिच्यातून जातो आणि फायबरवरच्या घरच्या फोनचा कॉलही तिच्यातूनच जातो. नंबर पोर्ट झाला आहे का ते पाहणं, दुसऱ्या कंपनीकडे कॉल सोपवणं, बिलाची नोंद काढणं, सगळं इथे होतं.

एवढं सगळं एकत्र का ठेवायचं? याचं उत्तर कोपनहेगन टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग या गणितज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच दिलं होतं. शंभरात एकच कॉल नाकारला जावा अशी अट घातली, तर १० लाइनच्या एका गटावर सरासरी साडेचार कॉल एका वेळी चालतील एवढीच मागणी घेता येते. असे दहा वेगळे गट ठेवले तर शंभर लाइनवर ४५. तेच शंभर लाइन एकत्र केल्या तर मागणी ८४ पर्यंत चालते. लाइन तेवढ्याच, अट तीच, काम जवळजवळ दुप्पट. कारण सगळे गट एकाच क्षणी भरत नाहीत. या गणितामुळेच टेलिकॉम सेवा लोकांना परवडते. मोबाइलची रहदारी रस्त्यावर आणि कार्यालयांत चढते तेव्हा घरं शांत असतात, संध्याकाळी उलट होतं. एकच कोअर दोघांना पुरतं. हिशेब करणाऱ्याला दोन कोअर ठेवणं उधळपट्टी वाटते, आणि नेहमीच्या दिवशी त्याचं खरंही असतं.

रोजचं काम ऑपरेशन सेंटरमध्ये चालतं. मोठ्या जाळ्यात एका दिवसात येणाऱ्या अलार्मचा आकडा माणसाने वाचण्यापलीकडचा असतो. एक फायबर तुटली की त्यावरचे तीस टॉवर ओरडतात, त्यांचे शेजारी ओरडतात, त्या मार्गावरची घरं ओरडतात. संगणक त्यातून मूळ कारण काढण्याचा प्रयत्न करतो, आणि जाळ्याची नोंदवही अद्ययावत असेल तरच त्याला ते जमतं. कोणता टॉवर कोणत्या फायबरवर, कोणत्या पोर्टवर आहे ही नोंद चुकीची असली की सगळी हुशारी वाया जाते. अलार्मपेक्षाही जास्त भरवसा मी आकड्यांवर ठेवतो: कॉल लागण्याचं प्रमाण, कॉल तुटण्याचं प्रमाण, एका सेलवरून दुसऱ्यावर जाण्याचं यश. सेल ‘चालू’ दाखवतो, एकही अलार्म नाही, आणि तासाभरात त्यावर एकही कॉल झालेला नाही, अशा झोपलेल्या सेलला फक्त आकडे पकडतात.

बहुतेक मोठे बिघाड कंपनीच्या स्वतःच्या बदलांतून होतात. म्हणून बदल रात्री, रहदारी कमी असताना, लेखी पायऱ्यांप्रमाणे, आणि प्रत्येक पायरीला परतीचा मार्ग ठरवून करतात. ‘पाच नऊ’ म्हणजे ९९.९९९ टक्के उपलब्धता म्हणतात, ती वर्षाला सव्वापाच मिनिटांची सूट आहे. एक फसलेली रात्र पुढच्या कित्येक वर्षांची सूट खाऊन टाकते.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण ८ जुलै २०२२ रोजी कॅनडात घडलं. रॉजर्स या टेलिकॉम कंपनीत मुख्य आयपी जाळ्याच्या, म्हणजे सगळा डेटा वाहणाऱ्या कोअरच्या, सुधारणेचे सात टप्पे ठरले होते, आणि सहावा टप्पा चालू होता. पहाटे वितरण राउटरवरचा एक फिल्टर काढला गेला. तो फिल्टर इंटरनेटवरच्या मार्गांची अफाट यादी आतल्या कोअर राउटरपर्यंत जाऊ देत नव्हता. तो गेल्यावर यादी आत लोटली, राउटरांची क्षमता संपली आणि काही मिनिटांत ते कोसळले. मोबाइल आणि घरच्या सेवा दोन्ही त्याच कोअरवर होत्या. १ कोटी २० लाखांहून जास्त ग्राहक तुटले, देशातली डेबिट कार्डची देयकं अडली, आणि पूर्ववत व्हायला सव्वीस तासांच्या आसपास लागले.

त्या घटनेतल्या दोन गोष्टी मी प्रत्येक नव्या इंजिनिअरला सांगतो. पहिली: बिघडलेल्या राउटरपर्यंत दुरून पोहोचायचं जाळं त्याच कोअरवर अवलंबून होतं. कर्मचाऱ्यांचे फोनही त्याच कंपनीचे. त्यामुळे दुरुस्ती करणाऱ्यांना सुरुवातीला ना यंत्र दिसत होतं, ना एकमेकांशी बोलता येत होतं. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. कोअर मेलं तरी टॉवरचा रेडिओ चालूच होता. फोनला वाटत होतं की आपलं जाळं आहे, म्हणून तो त्याला धरून बसला, आणि ९११ हा तातडीचा नंबर फिरवल्यावर दुसऱ्या कंपनीच्या टॉवरकडे गेला नाही. कोअर गेलं तर रेडिओही मुद्दाम बंद करता आला पाहिजे, हे नियोजनात आधीपासून हवं. रॉजर्सने नंतर मोबाइल आणि तारेच्या सेवांचे कोअर वेगळे करण्याचं जाहीर केलं. एर्लांगच्या हिशेबात हा खर्च वाया गेलेला दिसतो. माझ्या मते कंपनीने केलेला तो सगळ्यात योग्य खर्च आहे.

त्याच महिन्यात, २ जुलैला, जपानच्या केडीडीआयमध्ये वेगळ्या तऱ्हेने तेच झालं. देखभालीच्या वेळी राउटरमधल्या चुकीच्या मार्गामुळे आवाजाची सेवा थोडा वेळ तुटली. बदल लगेच मागे घेतला, पण तोवर असंख्य फोन एकाच वेळी पुन्हा नोंदणी मागू लागले होते. त्या लोंढ्याने आयएमएस आणि ग्राहक-माहितीसाठा दोन्ही घुसमटले, आणि मिनिटांत संपायला हवा होता तो बिघाड ६१ तास चालला. परतीचा मार्ग तयार असणं पुरत नाही. परत येताना सगळे एकदम आले तर दार अरुंद पडतं, म्हणून लोकांना टप्प्याटप्प्याने आत घ्यायची यंत्रणाही तयार हवी आणि तिची तालीम झालेली हवी.

माझ्या हातात असतं तर मी कोणत्याही टेलिकॉम कंपनीत काही गोष्टी पैशाच्या चर्चेबाहेर ठेवल्या असत्या. यंत्रांपर्यंत पोहोचायचा मार्ग दुसऱ्या कुणाच्या तरी जाळ्यावरून हवा. ऑन-कॉल इंजिनिअरच्या खिशात प्रतिस्पर्धी कंपनीचं सिम हवं. सॉफ्टवेअरमधल्या प्रत्येक सर्टिफिकेटची (ओळख पटवणाऱ्या डिजिटल दाखल्याची) मुदत कुठेतरी लिहिलेली आणि कुणाच्या तरी नावावर हवी; ६ डिसेंबर २०१८ रोजी एरिक्सन या उपकरणं बनवणाऱ्या कंपनीच्या एका सॉफ्टवेअरमधल्या सर्टिफिकेटची मुदत संपली आणि ब्रिटनमध्ये ओटू, जपानमध्ये सॉफ्टबँक यांची मोबाइल सेवा तासन्‌तास गेली. आणि जाळ्याचे भाग असे तोडलेले हवेत की एकातली चूक त्या भागातच थांबेल.

ग्राहक म्हणून तक्रार करताना ‘नेट चालत नाही’ एवढंच सांगू नका. घरच्या फायबरच्या बाबतीत ओएनटीवरचा लाल दिवा पेटला आहे का ते सांगा. तो पेटला असेल तर प्रकाश पोहोचत नाही आणि वायफायबद्दलचे सगळे प्रश्न निरर्थक आहेत. मोबाइलच्या बाबतीत जागा, वेळ, इमारतीच्या आत की बाहेर, आणि त्याच जागी त्याच कंपनीचा दुसरा फोन चालतो का, एवढं सांगा. या चार गोष्टींवरून सेलचा दोष, फोनचा दोष आणि गर्दी यांतला फरक बराचसा कळतो.

तांब्याची जाळी आता जगभर बंद होत आहेत. ब्रिटनने जुनं टेलिफोन जाळं जानेवारी २०२७ पर्यंत बंद करायचं ठरवलं आहे. मुदत आधी २०२५ च्या अखेरची होती, पण वृद्धांच्या घरांतली मदत मागायची यंत्रं त्या लाइनवर असल्याने ती वाढवावी लागली. काळजी रास्तच होती. तांब्याचा फोन एक्स्चेंजच्या बॅटरीवर चालत असे, घरची वीज गेली तरी तो जिवंत राहत असे. फायबरवरचा फोन घरच्या विजेवर चालतो. लिफ्टमधला फोन, चोरीचा अलार्म, आजारी माणसाचं मदतीचं बटण जुन्या लाइनवर असेल तर ती बदलण्याआधी कंपनीला विचारा की वीज गेल्यावर हे किती तास चालेल, आणि ओएनटी व राउटर दोघांना पुरेल असा बॅटरी-बॅकअप बसवून घ्या. मोबाइल हाच पर्याय धरणार असाल तर तो घरच्या फायबरपेक्षा वेगळ्या कंपनीचा ठेवा. तरीही दोन्ही कंपन्या तुमच्या भागात एकाच टॉवरवर किंवा एकाच भाड्याच्या फायबरवर असू शकतात, त्यामुळे घराजवळचा टॉवर कुणाकुणाचा आहे हेही एकदा विचारून घ्या.